कॅम्पर व्हॅनच्या विद्युत जॅकची जोडणी इंजिनच्या बॅटरीलाच असावी

सह्यवाट:
फोर्स ट्रॅव्हलरच्या लांब व्हीलबेसच्या सांगाड्यावर बांधलेली आमची कॅम्पर व्हॅन आम्ही तीन वर्षे कोकणात आणि घाटमाथ्यावर फिरवत आहोत. जांभ्याच्या सड्यावर सपाट जागा सहसा मिळत नाही, म्हणून या उन्हाळ्यात गाडीच्या चार कोपऱ्यांना, ती उभी असताना समतल करणारे 12 व्होल्टचे विद्युत जॅक बसवून घेतले. वायरिंगच्या वेळी बहुतेकांचा सल्ला असा होता की दिवे, पंखा आणि फ्रिज चालवणाऱ्या आतल्या लिथियम बॅटरीलाच जॅकही जोडावेत. मला तो सल्ला चुकीचा वाटतो.

जॅकला ऊर्जा फार लागत नाही, पण ती एकदम लागते. माझ्या गाडीत भार घेताना एक मोटर सुमारे 40 अँपिअर ओढते आणि दोन जॅक एका वेळी चालतात, म्हणजे 80 अँपिअर. चारही जॅक टेकायला दीड मिनिट धरले, तरी एकूण खर्च जेमतेम 2 अँपिअर-तास होतो. थोडा वेळ मोठा प्रवाह देणे हे तर इंजिनच्या बॅटरीचे रोजचेच काम आहे, कारण स्टार्टर याहून कितीतरी जास्त ओढतो. शिवाय जॅक खाली सोडतो तेव्हा आपण नुकतेच पोहोचलेले असतो आणि वर घेतो तेव्हा निघण्याच्या तयारीत असतो. दोन्ही वेळा इंजिन सुरू ठेवता येते आणि इंजिनवर फिरून वीज तयार करणारा ऑल्टरनेटर व्होल्टेज सांभाळतो. आतल्या लिथियम बॅटरीचे तसे नाही. 100 अँपिअर-तासाच्या अनेक बॅटऱ्यांमधील संरक्षक सर्किटची सततची मर्यादा 100 अँपिअर असते. फ्रिज आणि इन्व्हर्टर चालू असताना दोन जॅकनी एकदम झटका दिला, तर ते सर्किट बॅटरीच बंद करते, आणि मग गाडी अर्धवट उचललेल्या अवस्थेत आत अंधार होतो. जॅक हे चेसिसचे, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याचे अवयव आहेत, त्यामुळे त्यांची वीजही चेसिसच्याच बाजूची असावी.

तारजोडी:
ऊर्जेचा आपला हिशेब बरोबर आहे, परंतु आपण अंतराचा हिशेब केलेला नाही, आणि या वायरिंगमध्ये अंतर ही सर्वांत मोठी अडचण असते. आपली बॅटरी पुढे आहे आणि मागचे जॅक, वळणे धरून, तिथून सुमारे 7 मीटरवर आहेत. जाणारी आणि परतणारी तार मिळून 14 मीटर होतात. 16 स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या केबलमध्ये 80 अँपिअरला जवळपास 1.2 व्होल्ट वाटेतच पडतात. बाजारातल्या तयार संचासोबत कोणी 6 स्क्वेअर एमएमची तार दिली, तर 3.2 व्होल्ट पडतात. ही घट अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणायची असेल, तर 35 स्क्वेअर एमएमची केबल घ्यावी लागते. ती महाग आहेच, पण चेसिसच्या कडेने वळवून नेणे हेही सोपे काम नाही. आतली बॅटरी बहुतेक गाड्यांत मागच्या पलंगाखाली असते. तिथून 2 मीटरवर जॅक असतील, तर 16 स्क्वेअर एमएममध्येच काम भागते आणि फटका 0.35 व्होल्टच्या आत राहतो. संरक्षक सर्किटच्या मर्यादेवर उपाय म्हणजे एका वेळी एकच जॅक चालवणे किंवा 200 अँपिअर देणारी बॅटरी घेणे. त्यासाठी संपूर्ण गाडीभर जाड केबल ओढण्याचे कारण मला दिसत नाही.

चाकोरी:
तारजोडी यांच्या आकड्यांशी मी सहमत आहे. मात्र व्होल्टेज पडले की मोटर जास्त प्रवाह ओढते आणि तार जळते, असा एक समज सर्रास ऐकू येतो, तो इथे लागू होत नाही. इन्व्हर्टरला ठरावीक वॅट हवे असतात, म्हणून तो कमी व्होल्टेजला जास्त अँपिअर ओढतो. जॅकची कायमचुंबकी मोटर तशी वागत नाही. तिचा प्रवाह तिच्यावरच्या भाराप्रमाणे ठरतो, त्यामुळे व्होल्टेज कमी झाले की ती फक्त हळू फिरते. अधिक वेळ फिरल्याने ती तापते, हे खरे आहे.

खरा धोका रिलेमध्ये, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने चालणाऱ्या स्विचमध्ये आहे. मोटर दोन्ही दिशांनी फिरवण्यासाठी प्रत्येक जॅकला दोन रिले लागतात आणि ते तारांची उलटापालट करतात. व्होल्टेज फार खाली गेले की रिलेची कॉइल पकड सोडते, पुन्हा धरते आणि थरथरू लागते. प्रत्येक थरथरीला ठिणगी उडते आणि शेवटी संपर्क वितळून एकमेकांना चिकटतात. मग बटण सोडले तरी जॅक थांबत नाही. एका कारागिराने बारीक तारेवर करून दिलेल्या जोडणीत माझ्या गाडीचा उजवा मागचा जॅक असाच चालत राहिला होता आणि फ्यूज उपटून तो थांबवावा लागला. म्हणून रिलेच्या कॉइलसाठी वेगळी तार थेट बॅटरीपासून आणावी आणि मोटरच्या जाड तारेतून तिचा पुरवठा घेऊ नये. बॅटरी कोणतीही निवडा, परंतु ही काळजी सोडू नका.

किनारपट्टी:
मी सह्यवाट यांच्या विरोधात आहे आणि माझे कारण अनुभवाचे आहे. गेल्या डिसेंबरात भंडारदऱ्याला मुक्काम होता. रात्रभर चालकाच्या केबिनचा दिवा चालू राहिला आणि सकाळी इंजिनची बॅटरी पूर्ण उतरली होती. आमचे जॅक तिलाच जोडलेले होते. ते वर जाईनात, आणि गाडी जॅकवर उभी असल्याने तिला धक्का मारून सुरू करणेही शक्य नव्हते. आतली लिथियम बॅटरी मात्र जवळजवळ पूर्ण भरलेली होती. दवाने ओल्या झालेल्या गवतावर आडवे पडून, हाताच्या दांड्याने एकेक जॅक फिरवत वर घेण्यात पाऊण तास गेला. सोबत वृद्ध आई होती. ज्या बॅटरीवर गाडी सुरू होणे अवलंबून आहे, तिच्यावरच गाडी मोकळी होणेही अवलंबून ठेवू नये, असे मला त्या दिवसापासून वाटते.

पहाटे इतर लोक झोपलेले असताना इंजिन सुरू ठेवून डिझेलचा धूर सोडणे, हेही मला योग्य वाटत नाही.

सह्यवाट:
किनारपट्टी, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल खरोखर वाईट वाटले, आणि आपला मुद्दा मला मान्य आहे. तरीही त्यातून मी वेगळा निष्कर्ष काढतो. इंजिनची बॅटरी उतरली, तर जॅक वर गेले असते तरी गाडी जागची हलली नसती. तिला आतल्या बॅटरीची मदत मिळण्याची सोय हवी होती. दोन्ही बॅटऱ्यांमध्ये हाताने फिरवायचा जाड स्विच बसवला, तर त्या एका उपायाने स्टार्टरही चालतो आणि जॅकही.

आणखी एक गोष्ट आहे. जॅकच्या नियंत्रकाला चावी आणि हँडब्रेक यांचे संकेत मिळालेच पाहिजेत. चावी काढली की बटणे निष्क्रिय व्हावीत आणि जॅक खाली असताना हँडब्रेक सुटला की भोंगा वाजावा. हे संकेत चेसिसच्याच बाजूला असतात.

तारजोडी:
ते संकेत एका छोट्या रिलेने आतल्या बाजूला सहज आणता येतात, त्यामुळे तो युक्तिवाद मला निर्णायक वाटत नाही. हँडब्रेकचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगतो. ट्रॅव्हलरला मागची चाके ओढतात आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांवर लागतो. उतारावर मागची चाके जमिनीपासून सुटली, तर गाडीला धरून ठेवणारे जॅकच्या पायांशिवाय काहीही उरत नाही. जॅकने गाडी समतल करावी, चाके उचलू नयेत, आणि पुढच्या चाकांना ठोकळे लावल्याशिवाय बटणाला हात लावू नये.

इंजिनच्या बॅटरीलाच जोडणार असाल, तर ऋण तार थेट बॅटरीच्या टोकाला लावू नका. अनेक बीएस-6 गाड्यांत त्या टोकावर प्रवाह मोजणारा संवेदक असतो. त्याला वगळून प्रवाह गेला की गाडीच्या संगणकाला बॅटरीची खरी अवस्था कळत नाही आणि ऑल्टरनेटर चुकीच्या हिशेबाने चार्जिंग करतो. ऋण तार चेसिसच्या अर्थिंग बोल्टवर, रंग खरवडून, कथिलाचा मुलामा असलेल्या लगने, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कडीने जोडावी. कोकणातल्या खाऱ्या हवेत उघडे तांबे एका पावसाळ्यात हिरवे पडते.

चाकोरी:
सह्यवाट यांनी सुचवलेला स्विच मी स्वतः वापरतो, आणि आजवर मला त्याहून चांगला मार्ग सापडलेला नाही. परंतु त्याची एक अट बहुतेक जण विसरतात. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या केबलला दोन्ही टोकांकडून वीज मिळते, म्हणून प्रत्येक बॅटरीपासून वीतभर अंतरात एक असे दोन फ्यूज हवेत. फ्यूज केबलच्या जाडीप्रमाणे निवडायचा, मोटरच्या आकड्यावरून नव्हे, आणि लिथियमच्या बाजूचा फ्यूज काही हजार अँपिअरचा शॉर्ट तोडू शकेल असाच घ्यायचा. केबल 35 स्क्वेअर एमएमची असेल, तर 125 अँपिअरचा फ्यूज जॅकसाठी पुरतो, मात्र त्यातून थेट स्टार्टर फिरवता येत नाही. उतरलेल्या बॅटरीला त्या वाटेने दहा-पंधरा मिनिटे भरू द्यावे, स्विच फिरवून दोन्ही बॅटऱ्या पुन्हा वेगळ्या कराव्यात आणि त्यानंतरच चावी फिरवावी.