चुंबकी कणांवरचं एन्झाइम: अर्कातून औषध शोधायला खरंच पुरेसं आहे का?

काचनळी
अल्फा-ग्लुकोसिडेज (पिष्टमय पदार्थांपासून साखर सुटी करणारं एन्झाइम) रोखणारे रेणू हवेत म्हणून वनस्पतीच्या अर्काचे भाग पाडा, ते तपासा, चांगल्या भागाचे परत भाग पाडा... या जुन्या रगाड्यात आता पडूच नये. अमाइन लावलेल्या मॅग्नेटाइट (चुंबकी लोह-ऑक्साइड) कणांवर ग्लुटाराल्डिहाइडने (दोन्ही टोकांनी अमाइनला जोडणारं रसायन) एन्झाइम बसवा. उरलेले अल्डिहाइड ग्लायसिनने बंद करा. फॉस्फेट बफरमध्ये अर्कासोबत अर्धा तास फिरवा, चुंबक लावा, द्रव ओता, तीनदा धुवा. मग 50 टक्के मिथेनॉलने जे सुटेल ते एलसी-एमएसवर (कॉलममधून रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र). दिवसभरात उमेदवारांची यादी हातात. शिवाय कण परत वापरता येतात.
(मॅग्नेटिक स्टररवर ठेवू नका, सगळे कण दांडीला जाऊन बसतात.)

निवळी
असहमत. चिकटला म्हणजे रोखला असं होत नाही. टॅनिन (वनस्पतीतले तुरट रेणू) दिसेल त्या प्रथिनाला चिकटतात, तुमच्या यादीत पहिला नंबर त्यांचाच. कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, उकळलेल्या एन्झाइमचे कण घेतात, तेही फसवं: उलगडलेल्या प्रथिनाचे तेलकट भाग उघडे पडतात आणि ते जास्तच ओढून घेतं. दुसऱ्या नळीत अकार्बोज (हेच एन्झाइम रोखणारं मधुमेहाचं औषध) घालून सक्रिय जागा अडवा. तिथे जो रेणू गायब होईल तोच सक्रिय जागेवर बसणारा.
आणि मिथेनॉलनंतर कण परत वापरताय? आधी पीएनपीजी (एन्झाइमने तोडलं की पिवळा रंग देणारं रसायन) घालून 405 नॅनोमीटरला क्रिया मोजा. कण बाजूला काढून मोजा, नाहीतर काळ्या गाळाचंच शोषण मोजून बसाल.

आडवाटसरू
निवळी, अकार्बोजची युक्ती यीस्टच्या एन्झाइमवर चालणार नाही. बहुतेक लोक तेच स्वस्त यीस्टचं एन्झाइम वापरतात आणि ते अकार्बोजला फारसं जुमानत नाही. अकार्बोज सस्तन प्राण्यांच्या आतड्यातल्या एन्झाइमवर चालतं. कण कितीही देखणे असोत, त्यांवर चुकीचं एन्झाइम बसवलं तर सगळंच मुसळ केरात.

काचनळी
मान्य. पण उंदराच्या आतड्याची पावडर बसवली तर कणांवर एन्झाइमसोबत शंभर भलती प्रथिनं येतात. त्यापेक्षा मानवी रिकॉम्बिनंट (जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेलं) माल्टेज-ग्लुकोअमायलेज, म्हणजे आतड्यातलं अल्फा-ग्लुकोसिडेज, घ्या. महाग आहे, पण हिस्टिडीन-टॅग (प्रथिनाच्या टोकाला जोडलेली, निकेलला धरणारी शेपटी) असेल तर निकेलच्या कणांवर एकाच बाजूने बसतं, सक्रिय जागा झाकली जात नाही. ग्लुटाराल्डिहाइडच वापरणार असाल तर ट्रिस बफर टाळा. त्यातलं अमाइन सगळे अल्डिहाइड खाऊन टाकतं आणि एन्झाइम धुण्याच्या पाण्यात निघून जातं.

निवळी
निकेलवर बसवलंत तर कॅटेकॉल गटाचे फ्लॅव्होनॉइड (वनस्पतीतले धातू पकडणारे रेणू) थेट धातूलाच चिकटतील. नुसत्या निकेल कणांची वेगळी नळी लावा.

आडवाटसरू
सप्तरंगी या औषधी वनस्पतीचं उदाहरण घ्या. त्यातलं सॅलॅसिनॉल आतड्यातलं माल्टेज आणि सुक्रेज रोखतं. पण रेणू इतका पाण्याचा की सी-18 कॉलमवर (तेलकट रेणू धरून ठेवणारा एलसीचा नेहमीचा कॉलम) थांबतच नाही, मिठासोबत सुरुवातीलाच बाहेर. कणांनी बरोबर पकडलं तरी डिटेक्टरच्या हाती काही लागत नाही. जुन्या पद्धतीत निदान तो भाग क्रियेवरून ओळखला गेला असता.

काचनळी
मग हिलिक (पाण्यात विरघळणारे रेणू धरून ठेवणारा) कॉलम लावा. त्यात कणांचा काय दोष?

आडवाटसरू
कॉलम कुठला लावायचा हे ठरवायला आधी रेणू कसा आहे ते माहीत हवं ना!