मदत हवी आहे: वॉचमन गोबी आणि पिस्टल कोळंबीची जोडी जमेना

वॉचमन गोबी हा छोटा समुद्री मासा; पिस्टल कोळंबी बीळ खोदते, तो पहारा देतो आणि दोघं त्याच बिळात राहतात. माझी खाऱ्या पाण्याची टाकी ९० लिटर, पाण्याची विशिष्ट घनता १.०२५, तापमान २६ अंश. तळाला ६ सेंमी वाळू, त्यात प्रवाळाचे तुकडे मिसळलेत, कारण नुसत्या बारीक वाळूत बिळाचं छत टिकत नाही. खडक थेट काचेवर टेकवलेत, खोदकामाने ढासळणार नाहीत.

टायगर पिस्टल कोळंबीने डाव्या खडकाखाली बीळ केलंय. रात्री तिच्या नांगीची टकटक ऐकू येते, म्हणजे जिवंत आहे. पिवळा वॉचमन गोबी मात्र तीन आठवडे उजव्या कोपऱ्यात पंपामागेच होता. कोळंबीची नजर अधू, त्यामुळे ती एवढ्या लांबून त्याला शोधत येईल असं वाटत नाही.

दोन दिवस दिवे बंद ठेवले. बिळाच्या तोंडाशी पिपेटने मायसिस (कोळंबीसारख्या बारीक जिवांचं खाद्य) दिलं; ते कोळंबीने नेलं, गोबी हललाही नाही. मध्ये पीव्हीसी नळीचा तुकडा पुरला, तर गोबी त्यातच ठाण मांडून बसला.

बाकी फक्त दोन क्लाउनफिश, ते त्रास देत नाहीत. खडकांवर प्रवाळ चिकटवलेत, म्हणून ते उचलता येणार नाहीत. गोबी नळीसकट उचलता येईल.

ती नळी तशीच बिळाच्या तोंडाला लावावी का? की गोबीला बिळाजवळ पारदर्शक, भोकांच्या डब्यात ठेवून मग सोडावं? आणि डब्यात ठेवायचं तर किती दिवस?