पगडी, पागोटं, फेटा की दस्तार?

प्रश्न : एका दिवाळी अंकासाठी नांदेडच्या आमच्या शीख शेजाऱ्यांवर लिहिते आहे. काका रोज सकाळी डोक्याला बांधतात त्याला मराठीत काय म्हणावं? ‘पगडी’ लिहिलं की लोकांना पुणेरी आठवते, ‘फेटा’ लिहिलं की लग्नाची वरात.

प्रतिसाद १ : ताई, आधी क्रियापद बघा. पगडी ‘घालतात’, ती बांधून, शिवून तयार असते, खुंटीवरून काढायची आणि डोक्यावर ठेवायची. पुणेरी पगडी तशीच, 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालेली. शिंदेशाही, होळकरी पगड्याही याच जातीच्या. फेटा आणि पागोटं मात्र ‘बांधतात’, दर वेळी नव्याने. मुंडासं तर नुसतं ‘गुंडाळतात’. शेतावर निघालेल्या माणसाला पीळ आणि शेमला (मागे सोडलेलं टोक) बघत बसायला सवड नसते.

या कसोटीवर तुमच्या काकांचं ते ‘पागोटं’ ठरतं. पण हा शब्द आता कोण वापरतं? ‘पगडी’ने त्याला गिळलं. 2018 मध्ये पुण्यात सत्काराला पुणेरी पगडी की फुले पगडी असा वाद रंगला. जोतीरावांच्या चित्रांत दिसतं ते गुंडाळलेलं पागोटं आहे, तरी वादाच्या दोन्ही बाजू त्याला पगडीच म्हणत होत्या. तुकोबांच्या ‘पगडी’चंही तेच.

मला याचं वाईट वाटतं, कारण मानाचा सगळा अर्थ पागोट्यातच साठला आहे. आजोबा गेले तेव्हा तेराव्याला वडिलांच्या मामांनी वडिलांना पागोटं बांधलं. एरवी टोपीही न घालणारे वडील मान खाली घालून बसले होते. शेवटचा पदर खोचला गेला आणि बायकांत हुंदका फुटला. घराचा कर्ता आता हा, हे कोणी बोलून दाखवलं नाही. तिथे ‘फेटा बांधला’ म्हणून बघा, कानाला खटकतं. लग्नातल्या आहेराची टोपी-टॉवेलही मला याच मानाची स्वस्त झालेली खूण वाटते.

‘शेलापागोटे’ची गोष्ट तर आणखी जिव्हारी लागते. शेला-पागोटं देऊन गौरव करायचे, त्याच शब्दाने आता कॉलेजच्या स्नेहसंमेलनातले फिशपाँड ओळखले जातात. आणि मुंबईत पगडी म्हणजे भाडेकरूने घरमालकाला मोजायची रक्कम. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने तिला अधिकृत जागाही दिली.

प्रतिसाद २ : टोपीशी ताडून पाहा. ‘टोपी घालणे’ म्हणजे फसवणं, ‘ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर’ म्हणजे लबाडी. पागोट्याच्या वाट्याला असलं काही आलेलं मला तरी आठवत नाही.

प्रतिसाद १ : अगदी बरोबर! ताई, मी तुमच्या जागी असतो तर ‘दस्तार’ हा शिखांचाच शब्द ठेवला असता. फारसीतून आलेला आहे, मदरशातलं शिक्षण पूर्ण झाल्यावर होते त्या ‘दस्तारबंदी’तही तोच आहे. एक चूक मात्र टाळा. शीख धर्माच्या ‘क’ने सुरू होणाऱ्या पाच खुणांत, म्हणजे पाच ककारांत, दस्तार मोजली जात नाही, केस मोजले जातात. त्या केसांचा मान राखणारं वस्त्र म्हणजे दस्तार. म्हणून ती लोकांत कुणी उतरवायला लावली, तर शीख माणसाला तो धर्माचाच अपमान वाटतो. नांदेडात हे सांगावं लागणार नाही. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला तो तिथेच, आज हजूर साहिब गुरुद्वारा आहे त्या जागी. पण तुमचा अंक सगळीकडे जाणार.

प्रश्नकर्ती : आज सकाळी काकांनाच विचारलं. पाच-सहा मीटरचं कापड, एक टोक काकूंनी धरलेलं, दुसऱ्या टोकाकडून काका घड्या घालत होते. मी म्हटलं, “तुम्ही दस्तार बांधता म्हणून लिहू ना?” ते म्हणाले, “लिही. पण आमच्यात दस्तार सजवतात.” लेखात ‘सजवली’ असंच लिहिलं आहे.