[मंडळ-चर्चा] व्हीपीएन कोणता घ्यावा?

प्रेषक: मेधा (रेडिंग)
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

भोंडल्याच्या खिरापतीची यादी वेगळ्या मेलने येतेय, कृपया तिची उत्तरं इथे नकोत.

जुलैच्या शेवटी इथे ब्रिटनमध्ये तो प्रौढांच्या साइट्सवर वयाच्या तपासणीचा कायदा लागू झाला, तेव्हापासून आमच्या चिरंजीवांच्या फोनवर वरच्या कोपऱ्यात ‘व्हीपीएन’ अशी चौकट दिसते (म्हणजे आपली इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय). विचारलं तर म्हणतो, वर्गात सगळ्यांकडे आहे. फुकटातलं ॲप, नाव मी कधी ऐकलेलं नाही. वय सोळा, म्हणजे फोन काढून घेण्याचे दिवस गेले. एखादा चांगला विकत घेऊन घरात सगळ्यांच्याच फोनवर टाकावा असं चाललंय. यूट्यूबवर ज्याची सारखी जाहिरात येते त्याची दोन वर्षांची योजना भरघोस सवलतीत आहे, पण घड्याळ लावलंय, आज रात्री बारापर्यंतच. घ्यावा का?

मेधा


प्रेषक: अण्णा (लेस्टर)
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

मेधा, तुझ्या प्रश्नाला माझं शेपूट जोडतो.

गावाकडच्या जमिनीचं काम निघालंय आणि त्यासाठी लागणारी एक सरकारी साइट इथून उघडतच नाही. नुसतं चक्र फिरत राहतं. साताऱ्याचा भाचा म्हणाला, “मामा, इंडिया सर्व्हरवाला व्हीपीएन टाका.” ॲप स्टोअरात शोधलं तर तिरंगा लावलेल्या ॲप्सची रांगच लागली. सगळीच सांगतात की आम्ही तुमची कसलीही नोंद ठेवत नाही. आता यातला खरा कोण आणि खोटा कोण हे आम्ही म्हाताऱ्यांनी कसं ओळखायचं?

अण्णा


प्रेषक: निखिल (मँचेस्टर)
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

एवढा विचार कशाला? गूगलवर ‘बेस्ट व्हीपीएन’ टाका. टॉप टेनच्या याद्या येतात, सगळीकडे वर तीच चार-पाच नावं असतात. त्यातला कुठलाही घ्या. मी तसाच घेतला, स्पीड झकास. माझ्या रेफरल कोडवर तीन महिने फुकट मिळतील (तुम्हालाही आणि मलाही :) ).


प्रेषक: श्रीकांत (मिल्टन कीन्स)
सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

नमस्कार.

नेटवर्क हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे मेल लांबणार. कंटाळा आला तर खुशाल डिलीट करा. मेधाताई, घड्याळ बघून घाई करू नका, मुदत उलटल्यावर गेलात तरी बहुधा तीच सवलत मिळते.

निखिल, आधी तुझ्या याद्या घेऊ. केप टेक्नॉलॉजीज नावाची एक कंपनी आहे. सायबरघोस्ट हा व्हीपीएन तिने २०१७ मध्ये घेतला, प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस हा दुसरा २०१९ मध्ये. २०२१ मध्ये तिने वेबसेलेनीज विकत घेतली, आणि व्हीपीएनमेंटर नि विझकेस या व्हीपीएनची परीक्षणं छापणाऱ्या साइट्स त्याच वेबसेलेनीजच्या. त्याच वर्षी ९३.६ कोटी डॉलर मोजून एक्सप्रेसव्हीपीएनही घेतला. म्हणजे पेपर लिहिणारा आणि तपासणारा एकाच घरातले. हीच केप पूर्वी क्रॉसरायडर या नावाने ओळखली जायची, आणि लोकांच्या ब्राउझरमध्ये जाहिराती घुसवणारे तिचं सॉफ्टवेअर वापरायचे. तिच्या आजच्या सेवा वाईटच आहेत असं माझं म्हणणं नाही. पण यादीतला पहिला नंबर बघताना यादी कुणाची तेही बघावं. केपशी संबंध नसलेल्या याद्याही बहुतेक कमिशनवरच चालतात, आणि तुझा रेफरल कोड त्याच वंशावळीतला.

आता मूळ मुद्दा. व्हीपीएन लावला की घरची लाइन देणाऱ्या कंपनीला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते दिसायचं थांबतं. तेच सगळं आता व्हीपीएनवाल्याला दिसतं. पाळत ठेवू शकणारा बदलला, एवढंच. बँकेचा पासवर्ड, व्हॉट्सॲपवरचं बोलणं हे त्याच्याविनाही कुलूपबंदच असतं, अगदी कॅफेच्या वायफायवरसुद्धा. ‘कॅफेत बसलेला हॅकर’ हा आता मुख्यतः जाहिरातींत राहतो. आणि गूगलमध्ये लॉगिन करून बसलात तर आयपी ॲड्रेस (इंटरनेटवरचा तुमच्या लाइनचा पत्ता) कुठल्याही देशाचा दाखवा, तुम्ही कोण हे गूगलला पक्कं ठाऊक असतं.

त्यामुळे वेग, सर्व्हरची संख्या, किती देश वगैरे मी शेवटी बघतो. आधी बघायचं ते हे, की या नव्या माणसाजवळ माझ्याबद्दल काय साठतं, आणि ‘काही साठत नाही’ हे त्याचं म्हणणं कधी कसाला लागलंय का.

दोन उदाहरणं देतो. प्युअरव्हीपीएन नोंदी ठेवत नसल्याचं सांगायचा. २०१७ मध्ये अमेरिकेत एका तरुणीचा ऑनलाइन छळ करणाऱ्याला एफबीआयने पकडलं, तेव्हा न्यायालयातल्या कागदांत प्युअरव्हीपीएनच्या नोंदी निघाल्या. एकच ग्राहक घरच्या आणि ऑफिसच्या अशा दोन्ही आयपीवरून आल्याचं त्यांवरून जुळवता आलं. तो माणूस पकडला गेला हे उत्तमच झालं, पण ‘ठेवत नाही’ म्हटलेली गोष्ट ठेवलेली होती. पुढे त्यांनी धोरण बदललं, बाहेरून तपासणीही करून घेतली, हेही सांगायला हवं.

दुसरं उदाहरण मुलवाडचं, स्वीडनमधल्या गोथेनबर्गची व्हीपीएन कंपनी. १८ एप्रिल २०२३ रोजी त्यांच्या ऑफिसात राष्ट्रीय पोलिसांचे किमान सहा अधिकारी झडतीचं वॉरंट घेऊन आले. ग्राहकांची माहिती असलेले कॉम्प्युटर उचलायचे होते. कंपनीने आपली व्यवस्था समजावून सांगितली, तुम्हाला हवं ते इथे अस्तित्वातच नाही हे पटवलं, आणि पोलीस हात हलवत परत गेले. अस्तित्वात नाही याचं कारण खातं उघडण्याच्या पद्धतीतच आहे. नाव विचारत नाहीत, ईमेल विचारत नाहीत. बटण दाबलं की १६ आकडी खाते क्रमांक मिळतो, तेवढीच तुमची ओळख. महिन्याला ५ युरो, जास्त महिन्यांचे एकदम भरले म्हणून सवलत नाही, दोन वर्षांची योजना नाही. पाकिटात नोटा घालून पोस्टाने पाठवल्या तरी चालतात! मला ही सवलत नसण्याची गोष्ट फार आवडते.

प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेसची परीक्षाही २०१६ आणि २०१८ मध्ये अमेरिकन न्यायालयांत झाली होती. दोन्ही वेळा देण्यासारखं त्यांच्याकडे काही निघालं नाही. मात्र ती मालक बदलण्याआधीची गोष्ट. म्हणून जुनं प्रमाणपत्र बघताना वरची तारीखही वाचायची.

मेधाताई, फुकट ॲपचं. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो नावाची कंपनी घेतली. ‘तुमचा डेटा सुरक्षित ठेवतो’ म्हणून तिचा व्हीपीएन लोकांनी फोनवर टाकला, आणि लोक कुठली ॲप्स किती वेळ वापरतात हे त्यातून फेसबुकला कळत राहिलं. ॲपलने २०१८ मध्ये ते काढायला लावलं. ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने २०२३ मध्ये या प्रकरणी एकूण २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. होला या फुकट व्हीपीएनची गोष्ट त्याहून वाईट. २०१५ मध्ये उघड झालं की फुकट वापरणाऱ्यांच्याच लाइनवरून इतरांची वाहतूक बाहेर सोडली जात होती आणि ती सोय दुसऱ्या नावाने विकली जात होती. म्हणजे कुणा परक्याने केलेल्या उद्योगावर तुमच्या घरचा आयपी ॲड्रेस.

सगळं फुकट वाईट असं नाही. जिनिव्हाच्या प्रोटॉनचा फुकट व्हीपीएन मी निःशंकपणे सुचवतो. जाहिराती नाहीत, डेटाला मर्यादा नाही, ॲपचा कोड कुणालाही वाचायला खुला आहे. एका वेळी एकच उपकरण चालतं आणि देश निवडता येत नाही. पैसे देणाऱ्या ग्राहकांच्या जिवावर ते चालतं, त्यामुळे ‘हे फुकट कसं परवडतं’ याला सरळ उत्तर मिळतं. मुलाच्या फोनवरच्या ॲपला हाच प्रश्न विचारून बघा.

अण्णा, तुमचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, आणि उत्तर जरा विचित्र. भारताच्या सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला की व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, फोन, दिलेले आयपी, व्हीपीएन कशासाठी घेतला ते कारण, हे सगळं ५ वर्षं ठेवायचं, ग्राहक सोडून गेला तरी. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला त्यातून सूट मिळाली. व्हीपीएनवाल्यांना पुढे २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत होती. तोवर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्ड, प्रोटॉन या सगळ्यांनी भारतातले सर्व्हर उचलले. आज त्यांच्या यादीत ‘इंडिया’ दिसतो तो पत्ता भारताचा, पण यंत्र बाहेर, बहुधा सिंगापुरात.

तेव्हा तुमच्या तिरंगी ॲपला दोनच प्रश्न. सर्व्हर खरोखर भारतात आहे का? असेल, तर कायद्याने नोंदी ठेवाव्या लागतात, मग ‘नोंद ठेवत नाही’ हे कसं? एक तर नियम मोडताय, नाहीतर मला थाप मारताय. दोन्ही परिस्थितींत जमिनीच्या कागदांसाठी मी ते वापरणार नाही.

सिंगापूरमार्गे भारतीय आयपी घेऊन सरकारी साइट कधी उघडते, कधी नाही. सातबाराच हवा असेल तर भाच्याला डिजिटल सहीचा काढायला सांगा, १५ रुपयांत मिळतो आणि सरकारी कामात चालतो.

श्रीकांत


प्रेषक: सुनीता (कार्डिफ)
सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

श्रीकांतदादा, पटलं, पण कंपनी कुठल्या देशातली हे तुम्ही सोडूनच दिलंत. सगळ्या जाहिरातींत पनामा नाहीतर ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स, ‘चौदा डोळ्यांच्या बाहेर’ म्हणून (म्हणजे हेरगिरीतली माहिती एकमेकांना देणाऱ्या चौदा देशांच्या गटाबाहेर). आणि इथलं काय? २०१६ च्या इन्व्हेस्टिगेटरी पॉवर्स ॲक्टखाली सरकार लाइनवाल्या कंपनीला आपण कुठे-कुठे कनेक्ट झालो त्याच्या नोंदी १२ महिन्यांपर्यंत ठेवायला लावू शकतं. मी काही लपवत नाही, पण म्हणून दार उघडं टाकून झोपतही नाही.


प्रेषक: श्रीकांत (मिल्टन कीन्स)
सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

सुनीता, त्या नोंदींपुरता व्हीपीएनचा उपयोग नक्की आहे. लाइनवाल्याला फक्त तुम्ही व्हीपीएनला जोडलात एवढंच दिसतं. या देशात तो वापरणं कायदेशीर आहे, वयाच्या तपासणीच्या कायद्यानेही त्यावर बंदी घातलेली नाही.

देशाबद्दल म्हणशील तर, पनामाच्या झेंड्याला मी फार भाव देत नाही. स्वीडन त्या चौदांमध्येच आहे, आणि पोलीस रिकाम्या हाताने परतले ते तिथूनच. नोंदी सक्तीने ठेवायला लावणारा कायदा त्या देशात आहे का, हे बघायचं. भारतात तो आला आणि ही मोठी नावं काही महिन्यांत गाशा गुंडाळून गेली. तिथे देशाने फरक पडला, माहितीपत्रकातल्या बेटांनी पडत नाही.


प्रेषक: मेधा (रेडिंग)
मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५

काल रात्री लेकाला शेजारी बसवून ते ॲप बघितलं. डेव्हलपर म्हणून एक जीमेल पत्ता. गोपनीयता धोरणाची लिंक दाबली तर कोरं पान. कंपनीचं नाव, गाव, काहीच नाही. “हे फुकट कसं परवडतं रे त्यांना?” म्हटल्यावर तो दोन मिनिटं गप्प बसला आणि स्वतःच ॲप काढून टाकलं. मग म्हणाला, प्रोटॉन फुकट आहे तर मुलवाडला पैसे कशाला? आता याचं उत्तर द्या.

आणि अहोंना बँकेचं भारतातलं खातं व्हीपीएन लावून उघडायचंय, सुरक्षित म्हणून. चालेल ना?


प्रेषक: श्रीकांत (मिल्टन कीन्स)
मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५

मेधाताई, त्याचं बरोबर आहे, त्याला प्रोटॉन पुरे. तुम्हाला घरातल्या सगळ्यांसाठी हवा असेल तर मुलवाड एक महिना घेऊन बघा, एका खात्यावर पाच उपकरणं चालतात. काही उपयोग वाटला नाही तर ५ युरो गेले म्हणायचं. त्याला तो कशासाठी हवाय, हा मात्र तुमच्या घरातला प्रश्न, त्यात लिस्टने पडू नये. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये जनरल, तिथे ‘व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट’ उघडा आणि अनोळखी प्रोफाइल मागे राहिलेलं नाही ना, तेवढं बघून घ्या. असेल तर काढा.

बँकेसाठी नको. काल रेडिंगहून लॉगिन, आज सिंगापूरहून, असं दिसलं की बँकेला संशय येतो आणि खातं अडकतं. मग ते सोडवायला भारतातल्या वेळेनुसार फोन करत बसा. ॲप सरळ उघडा, ते पुरेसं सुरक्षित आहे.


प्रेषक: अण्णा (लेस्टर)
बुधवार, १७ सप्टेंबर २०२५

सातबारा आला, भाच्याने व्हॉट्सॲपवर पाठवला. पण दर वेळी त्याला कुठे त्रास देत बसू? त्याच्याच घरातून माझा व्हीपीएन काढता येईल का?


प्रेषक: श्रीकांत (मिल्टन कीन्स)
बुधवार, १७ सप्टेंबर २०२५

अण्णा, येईल, आणि तुमच्या कामाला तोच सगळ्यात चांगला. भाच्याच्या राउटरला एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) जोडायचा, तुमची वाहतूक साताऱ्यातून बाहेर पडेल. तुम्ही कुठल्या साइटवर जाता हे बघू शकणारी कुठलीही व्हीपीएन कंपनी मधे नाही. नुसता वायरगार्ड (स्वतःचा व्हीपीएन उभारायचं सॉफ्टवेअर) लावला तर अडचण येऊ शकते, कारण तिकडे घरगुती लाइनला बऱ्याचदा स्वतःचा सार्वजनिक आयपी नसतो, एकच आयपी अनेक घरांत वाटलेला असतो. म्हणून टेलस्केल टाकू, ते वायरगार्डवरच बेतलेलं आहे पण त्यातूनही वाट काढतं.

दोन गोष्टी भाच्याला आधी सांगा. तुम्ही तिथून जे कराल ते त्याच्या नावावरच्या लाइनने होईल, तेव्हा त्याची हरकत नाही ना हे विचारा. आणि लाइट गेली की तुमचा व्हीपीएनही गेला, त्यामुळे त्याच्याकडे इन्व्हर्टर असेल तर रास्पबेरी पाय आणि राउटर दोन्ही त्यावर घ्यायला लावा.

डिसेंबरात जाणारच आहात ना? नोव्हेंबरात माझ्याकडे या, इथेच सगळं बसवून देतो, तिथे फक्त वायर खुपसायची. रास्पबेरी पायसाठी एसडी कार्ड मात्र चांगल्यातलं आणा, स्वस्तातली वर्षभरात दगा देतात.

श्रीकांत