सलग ११ वेळा आमदार, खरंच?

ए-२०४ : फॉरवर्ड आलाय. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख, सलग ११ वेळा आमदार, एकच पक्ष. खरं आहे का?

सी-१०१ काका : 'सलग' खोडा. १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले, १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला पुन्हा पडले. बाकी ११ वेळा बरोबर, तेही शेतकरी कामगार पक्षाकडून, म्हणजे शेकापकडूनच.

ए-२०४ : शेकाप अजून आहे?? 😄

सी-१०१ काका : हसू नका. सत्तेच्या मागे जायचं असतं तर केव्हाच गेले असते. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडी सरकारात आणि १९९९ ला विलासराव देशमुखांकडे मंत्री होते, पण शेकापचे म्हणूनच.

बी-३०२ : आणि एसटीने फिरायचे. सध्याच्या आमदारांनी शिकावं 🙏

डी-४०३ : एसटीचं कौतुक पुरे झालं. ५० वर्षं आमदार असून तालुका दुष्काळीच का राहिला, ते सांगा.

सेक्रेटरी : राजकारण नको. पार्किंगचा विषय अर्धवट राहिलाय.

सी-१०१ काका : सेक्रेटरीसाहेब, एवढं लिहू द्या, गाव आहे माझं. डी-४०३, प्रश्न रास्त आहे. पण पाऊस आमदार पाडत नाही. टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी कृष्णेतून उपसून वर आणायचं, म्हणजे पैसा मुंबईतून सुटायला हवा आणि हे बहुतेक वेळ विरोधी बाकावर. वाळव्याचे स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर पाणी परिषदा घेत राहिले. लोकांनी शेततळी खणून डाळिंब जगवलं. शेतकऱ्यांची सूतगिरणी मात्र त्यांनी उभी केली आणि चालवली. बंद पडलेल्या गिरण्या बघितल्यात ना तुम्ही? पाणी उशिरा आलं, हे मान्य.

डी-४०३ : ठीक. पण मग त्यांच्यानंतर उमेदवारी नातवालाच का?

सी-१०१ काका : तो सल मलाही आहे. २०१९ ला वयामुळे आबासाहेब (गणपतराव) थांबले, एक नातू उभा राहिला आणि ७६८ मतांनी पडला. ते २०२१ मध्ये गेले. २०२४ ला दुसरा नातू निवडून आला, शेकापकडूनच.

बी-३०२ : काका, १९९५ ला कितीने पडले होते?

सी-१०१ काका : १९२. आमच्या घरातली पाच मतं त्या दिवशी लग्नाच्या वऱ्हाडात होती. थोरले बंधू अजून त्या नवऱ्यामुलाशी धड बोलत नाहीत.