सोसायटीच्या ग्रुपवर: आईबाबांच्या व्हिडिओला कुठलं गाणं?

ए-४०२: आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली, त्याचा छोटा व्हिडिओ केलाय. मागे ‘दिल ढूँढता है’ टाकलंय. बघून सांगा कसा झालाय.

बी-१०३: फोटो झकास. गाणं मात्र बदल गं. एवढं उदास गाणं या प्रसंगाला?

ए-४०२: उदास कुठे काका? किती हलकंफुलकं आहे! दोघं मजेत गातायत.

बी-१०३: दोघं? भूपिंदर एकटाच गातो. शब्दन् शब्द लांबवून. ऐकताना घसा दाटतो माझा.

ए-४०२: लताबाई आहेत की त्यात!

बी-१०३: नाहीत.

ए-४०२: आहेत.

सी-२०१: अरे थांबा, भांडू नका. ‘मौसम’ सिनेमात हे गाणं दोनदा आहे. एक भूपिंदरचं एकट्याचं, संथ. दुसरं लता-भूपिंदरचं, जलद. मुखडा तोच, चाल वेगळी, लय वेगळी. काका, व्हिडिओ आवाज बंद करून बघितलात ना?

बी-१०३: मिटिंगमध्ये आहे बाबा. फोटोच बघितले.

बी-३०४: काका रॉक्स

ए-४०२: म्हणजे माझं बरोबर. द्वंद्वगीत आनंदाचं आणि सोलो दुःखाचं. विषय संपला.

सी-२०१: तबला शिकवतो म्हणून दोन ओळी जास्त लिहितो, सांभाळून घ्या. लय जलद म्हणजे आनंद, संथ म्हणजे दुःख, असा हिशोब आपण नकळत लावतो, आणि बऱ्याचदा तो बरोबरही येतो. पण ताल ऐकून भाव सांगता येत नाही. केरवा तालाच्या त्याच ८ मात्रांवर भजन होतं, कव्वाली होते आणि छेडछाडीचं गाणंही होतं. फरक पडतो तो ठेका किती भरलाय आणि किती मोकळा सोडलाय त्याने. सोलोमध्ये दोन ओळींच्या मधे जागा आहे. त्या जागेत ऐकणारा आपलं काहीतरी आणून ठेवतो. द्वंद्वगीत तेवढी उसंतच देत नाही. गंमत बघा, गाणं फुर्सतीबद्दल आहे!

डी-५०२: ‘श्री ४२०’मधलं ‘रमैया वस्तावैया’ घ्या. ठेका असा की पाय थांबत नाहीत. आणि शब्द? दिल दिलं, तू बदललास, आता ये परत. मुकेशचा आवाज तर शेवटाकडे येतो. तोवर आपण टाळ्या वाजवत असतो.

ॲडमिन: लिफ्टचं काम दुपारी ३ पर्यंत चालेल. कृपया जिना वापरावा. आणि गाण्यांसाठी वेगळा ग्रुप काढा.

बी-३०४: ॲडमिन काका, ‘झिंगाट’वर सगळ्यात जास्त तुम्हीच नाचला होतात. ‘सैराट’मध्ये त्या वाढदिवसाच्या नाचानंतरच दोघं पकडली जातात आणि तिथून सगळं बिघडत जातं. हे आठवत कोण नाचतं?

ॲडमिन: मी पिक्चर बघितला नाही.

बी-३०४: तेच तर!

ए-१०१: मला या चर्चेत एक म्हणायचंय. आमच्या वेळी गाणं आधी रेडिओवर यायचं, पिक्चर नंतर. कधी कधी पिक्चर बघायचा राहूनच जायचा. ‘ऐ मेरे प्यारे वतन’ मी कितीतरी वर्षं आपल्याच देशाचं गाणं म्हणून ऐकलं, डोळे पुसले. मग ‘काबुलीवाला’ बघितला. ते वतन अफगाणिस्तान! आणि बलराज साहनी गातही नाहीत, दुसराच पठाण गातो, हे ऐकत बसलेत. मग माझे आधीचे अश्रू चुकीचे होते का? मला नाही वाटत. घर लांब असल्याचं दुःख मला कळलंच होतं, फक्त पत्ता चुकला होता.

सी-२०१: आजी, कडक!

डी-५०२: योगायोग बघा. ‘काबुलीवाला’चं संगीत सलील चौधरींचं. ‘मौसम’ची गाणी मदनमोहनची, पण पार्श्वसंगीत सलीलदांचं. मदनमोहन जुलै १९७५ मध्ये गेले, पिक्चर आला त्याच वर्षी डिसेंबरात.

ए-४०२: हे सगळं छान आहे हो, पण माझं द्वंद्वगीत आनंदाचंच आहे ना? कन्फर्म करा, रेंडरला टाकायचंय.

ए-१०२: मी कधी लिहीत नाही ग्रुपवर, पण हा पिक्चर मी तीनदा बघितलाय. ताई, तुमच्या गाण्यात ती दोघं डोंगरात बागडतायत ना, ते बघतोय कोण? म्हातारा संजीवकुमार. अनेक वर्षांनी परत आलाय आणि आपलंच तरुणपण समोर बघतोय. आता शब्द ऐका. ‘फिर वही फुर्सत के रात दिन.’ पुन्हा तेच दिवस. ज्यांच्या प्रेमाचे दिवस आत्ता चालू आहेत, ती ‘पुन्हा तेच’ का म्हणतील? त्यांचे तर अजून संपलेलेच नाहीत! ती ओळ त्या दोघांची नाहीच, बघणाऱ्याची आहे. पहिला शेर गालिबचा, त्यातल्या ‘जी’चं गुलजारांनी ‘दिल’ केलं. पुढे थंडीतलं ऊन, उन्हाळ्यातली गच्ची, बर्फातली दरी, हे सगळं गुलजारांचं. सगळे ऋतू आहेत, फक्त माणूस गेलंय. मला तर सोलोपेक्षा हेच जास्त लागतं. सोलो निदान सांगून रडवतं.

बी-१०३: मिटिंग संपली. आता आवाज लावून दोन्ही ऐकतो.

सी-२०१: ए-१०२, तुम्ही लिहीत जा हो. ‘फिर’ शब्दाकडे इतक्या वर्षांत माझं लक्षच गेलं नाही. मी आपला मात्रा मोजत बसलो.

ए-४०२: झालं. म्हणजे दोन्ही उदास. आता मी काय करू?

बी-३०४: दीदी झिंगाट

डी-५०२: अगं, तुझ्या व्हिडिओत बघणारे म्हातारे एकटे नाहीत, दोघंही आहेत. मग ‘फिर वही’ला कशाला घाबरतेस? ठेव तेच.

ए-४०२: शेवटी आईलाच दोन्ही ऐकवली. कुठल्या सिनेमातलं, कोण बघतंय, काही न सांगता.

बी-१०३: मग?

ए-४०२: म्हणाली, सोलो लाव. त्या दुसऱ्यात फार पळतात, आमचे गुडघे दुखतात.

बी-१०३: म्हणजे मी जिंकलो ना?

ए-४०२: ‘उदास नाही का वाटत’ म्हणून विचारलं. तर म्हणाली, छे, निवांत वाटतं.