शाब्दिक उदाहरण समोर आले की मुलगी विचारते, “बेरीज करू की वजाबाकी?”

प्रश्न: कोथरूडमधील पालक

नमस्कार. माझी मुलगी पुण्यातील एका सेमी-इंग्रजी शाळेत चौथीत शिकते. हातच्याची बेरीज, उसन्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे हे सारे ती बिनचूक करते आणि वीसपर्यंतचे पाढेही तिचे पाठ आहेत. मात्र तीच क्रिया दोन-तीन वाक्यांच्या गोष्टीत दडून आली की ती पेन्सिल खाली ठेवते आणि मलाच विचारते, “आई, बेरीज करू की वजाबाकी?” मी एक शब्द उच्चारला की पुढचे सगळे अर्ध्या मिनिटात होते. म्हणजे उदाहरण मी सोडवते आणि ती फक्त आकडेमोड करते, हे माझ्या हळूहळू लक्षात आले.

परवाचे उदाहरण असे होते (पुस्तक इंग्रजीत आहे, मी मराठीत लिहिते): मीनाकडे २४ मणी आहेत. ते रेश्माकडच्या मण्यांपेक्षा ९ ने जास्त आहेत. तर रेश्माकडे किती मणी आहेत? मुलीने ३३ लिहिले. कारण विचारल्यावर म्हणाली, “वर्गात तक्ता लावलाय ना. ‘जास्त’ आलं की बेरीज, ‘उरले’ आलं की वजाबाकी.” तो तक्ता पालकसभेच्या दिवशी पाहून मला बरेच वाटले होते, कारण आम्हीही थोडेफार असेच शिकलो.

क्लास लावायची इच्छा नाही. घरी रोज वीस मिनिटे देऊ शकते. त्या वीस मिनिटांत नेमके काय करावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर: प्राथमिक शिक्षिका, हवेली तालुका

ताई, तसाच तक्ता माझ्याही वर्गात चार वर्षे होता आणि तो मीच हौसेने रंगवला होता. तो उतरवला त्याला लिंबांचे एक उदाहरण कारण झाले. आईने मंडईतून काही लिंबे आणली, ७ लिंबांचे सरबत केले आणि ५ लिंबे उरली, तर तिने किती लिंबे आणली होती? तिसरीच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांनी ‘उरली’ हा शब्द पाहून ७ मधून ५ वजा केले आणि २ उत्तर लिहिले. ज्या बाईने सात लिंबांचे सरबत केले तिने बाजारातून दोनच लिंबे आणली होती, हे एकालाही खटकले नाही. दुपारच्या सुट्टीत त्यांतल्याच एका मुलाला मी हीच गोष्ट तोंडी, कागदाशिवाय विचारली, तर तो चटकन म्हणाला, “बारा! त्यात काय?” त्याला गणित येत होते, तक्त्यामुळे तो गोष्ट वाचेनासा झाला होता.

बेरीज-वजाबाकीची शाब्दिक उदाहरणे स्थूलमानाने तीन घराण्यांची असतात. काहींत काही घडते, म्हणजे कोणी देते, घेते, खाते, हरवते. काहींत दोन गट एकत्र मोजायचे असतात. तिसरे घराणे तुलनेचे, आणि मुलांना तेच सर्वांत अवघड जाते, कारण त्यात काहीच घडत नाही. मीना रेश्माला मणी देत नाही, रेश्मा घेत नाही. दोन ढीग नुसते शेजारी पडलेले असतात. अशा वेळी मूल क्रिया सुचवणारा एखादा शब्द शोधते, त्याला ‘जास्त’ सापडतो, आणि पुढचे आपण पाहिलेच.

म्हणून वीस मिनिटांत एकच उदाहरण घ्या, पण त्यातील आकडे कागदाच्या चिटोऱ्याने झाका. आता उरले ते एवढेच: मीनाकडे काही मणी आहेत आणि ते रेश्माच्या मण्यांपेक्षा जास्त आहेत. मुलीला विचारा, “जास्त कोणाकडे?” मग विचारा, “आपल्याला कोणाचे मणी शोधायचे आहेत, जास्तवालीचे की कमीवालीचे?” आणि आकडे उघडण्यापूर्वी शेवटचे, “उत्तर मीनाच्या आकड्यापेक्षा मोठे येणार की लहान?” एवढे झाल्यावर ती ३३ लिहिणार नाही. लिहिलेच तर चिंचोक्यांच्या दोन ओळी एकाखाली एक मांडायला लावा. वरच्या ओळीचे पुढे आलेले ९ चिंचोके हाताने झाकले की खालची ओळ किती हे डोळ्यांना दिसते.

सेमी-इंग्रजीच्या मुलांसाठी आणखी एक पायरी लागते. ‘हाऊ मेनी मोर’ हे शब्द कानावर पडताच ‘मोर’ म्हणजे जास्त आणि जास्त म्हणजे बेरीज, अशी साखळी तयार होते. तेव्हा उदाहरण इंग्रजीत वाचू द्यावे, परंतु सोडवण्याआधी ते आजीला मराठीत सांगायला लावावे. सांगताना अडखळली तर समजावे की अडचण गणिताची नाही, वाक्याची आहे.

उत्तर: सदाशिव पेठेतील एक बाबा

बाईंच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण दुसरी बाजूही मांडतो. शिष्यवृत्ती परीक्षेत प्रश्न भरपूर आणि वेळ मोजका असतो. तिथे मूल चिंचोके मांडत बसले तर पेपर अर्धा कोरा राहील. शब्दांच्या खुणा दहापैकी आठ वेळा बरोबर दिशा दाखवत असतील तर त्या भिंतीवरून उतरवण्याचे कारण मला पटत नाही. शिवाय ‘प्रत्येकी’, ‘डझन’, ‘मिळून’, ‘दर’ हे शब्द ठाऊक नसतील तर गोष्ट तरी कशी कळणार?

उत्तर: निवृत्त मुख्याध्यापक

वरील आक्षेपाचा उत्तरार्ध मला पूर्ण मान्य आहे. शब्दांचे अर्थ शिकवलेच पाहिजेत; ‘प्रत्येकी’ न कळणाऱ्या मुलाला भागाकार कसा सुचावा? मात्र शब्दाचा अर्थ सांगणे वेगळे आणि शब्दाला क्रिया चिकटवून देणे वेगळे. ‘प्रत्येकी ६ लाडू, मुले ८’ येथे गुणाकार होतो, तर ‘४८ लाडू ८ मुलांना सारखे वाटले, प्रत्येकी किती?’ येथे भागाकार. शब्द तोच आहे. आणि परीक्षेतील पर्याय तयार करणाऱ्यालाही हे तक्ते माहीत असतात. मण्यांच्या उदाहरणात चार पर्यायांपैकी एक ३३ असणार, हे मी पैजेवर सांगतो.

फ्रान्समधील ग्रनोबल येथे १९८० च्या सुमारास शाळकरी मुलांना विचारले गेले की, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या संख्या वापरून वय काढून दिले. मी हेच गुराख्याच्या नावाने, १२ गायी आणि ८ म्हशी घेऊन, आमच्या चौथीत विचारले होते. “वीस वर्षे” असे उत्तर फळ्यावर लिहून एक मुलगा ताठ मानेने जागेवर जाऊन बसला. दोष त्याचा नव्हता. वहीत येणाऱ्या प्रत्येक उदाहरणाला उत्तर असते आणि दिलेले सगळे आकडे वापरायचेच असतात, हे आम्हीच त्याला तीन वर्षे शिकवले होते. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी माहिती अपुरी असलेले किंवा एक आकडा फाजील असलेले उदाहरण मुद्दाम द्यावे.

आता चित्राविषयी, कारण चौथी-पाचवीत चिंचोके पुरत नाहीत. सिंगापूरच्या प्राथमिक शाळांत १९८० च्या दशकापासून आयताकृती पट्ट्या काढून उदाहरण मांडायला शिकवतात. पद्धत सोपी आहे. समजा, एक वही आणि एक पेन मिळून ६५ रुपयांना मिळतात आणि वही पेनापेक्षा २५ रुपयांनी महाग आहे, तर प्रत्येकाची किंमत किती? बहुतेक मुले ६५ मधून २५ वजा करतात आणि मोकळ्या मनाने लिहितात: वही ४०, पेन २५. यावर ओरडू नये. “ताळा करून पाहा,” एवढेच म्हणावे. ४० आणि २५ यांची बेरीज ६५ येते म्हणून मूल आधी विजयी मुद्रेने पाहते, मग “वही पेनापेक्षा कितीने महाग झाली?” असे विचारल्यावर १५ येतात आणि चेहरा बदलतो. त्या क्षणी पाटीवर पेनाची एक आखूड पट्टी काढावी, तिच्याखाली तेवढीच वहीची पट्टी आणि तिला जोडून २५ लिहिलेला तुकडा. तो तुकडा बोटाने झाकला की दोन सारख्या पट्ट्या उरतात आणि त्या मिळून ४० होतात. पेन २०, वही ४५. बोटाने झाकण्याची ही कृती मुलाने स्वतः करावी. आपण केली तर ती फळ्यावरची आणखी एक रीत होऊन बसते.

पट्ट्या परदेशी वाटत असतील तर भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातील (इ. स. ११५०) भुंगे घ्यावेत. थव्याचा पाचवा भाग कदंबाच्या फुलांवर, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलांवर, या दोहोंतील फरकाच्या तिप्पट कुटजावर गेले आणि एक भुंगा हवेत घिरट्या घालत राहिला. पाचवा आणि तिसरा असे दोन्ही भाग पाडता यावेत म्हणून पट्टीच्या १५ चौकटी करा. कदंबाच्या ३, शिलींध्राच्या ५, फरक २, त्याची तिप्पट ६, अशा १४ चौकटी भरल्या आणि रिकामी राहिली ती एक चौकट त्या एकट्या भुंग्याची. अपूर्णांक शिकलेल्या पाचवीच्या मुलांनी हे माझ्यासमोर बीजगणिताशिवाय सोडवले आहे.

गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये उदाहरण सोडवण्याच्या समजून घेणे, बेत आखणे, बेत पार पाडणे आणि मागे वळून पाहणे अशा चार पायऱ्या सांगितल्या. आपल्या वह्यांत त्यांचे ‘दिलेले, विचारलेले, रीत, उत्तर’ असे रकाने झाले आणि चौथी पायरी बहुधा गळून पडली. सहलीच्या १३० मुलांना सिंहगडावर न्यायचे आहे, एका बसमध्ये ४० मुले बसतात, तर बस किती? ‘३ बस आणि बाकी १०’ हे उत्तर लिहिणारी मुले दर वर्षी भेटतात. अमेरिकेतही १९८३ च्या सुमारास तेरा वर्षांच्या मुलांना सैनिकांच्या बसचे असेच उदाहरण दिले, तेव्हा भागाकार बहुतेकांना आला, पण बाकीसाठी आणखी एक बस लागेल हे चौघांपैकी जेमतेम एकाने लिहिले. मी फक्त विचारत असे, “त्या दहा जणांनी किल्ल्यावर चालत जायचं का?”

उत्तर: दुसरीच्या मुलाची आई, हडपसर

उदाहरण तोंडी सांगत असाल तर एक गोष्ट आधी तपासावी. माझा मुलगा ‘एकोणसाठ’ ऐकून ६९ लिहीत असे आणि मी महिनाभर त्याला उदाहरण समजावत बसले होते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ अशी वाचनाची मांडणी आली, तेव्हा मीही थट्टा करणाऱ्यांत होते. आता त्यामागची अडचण घरातच पाहिली आहे.

मूळ प्रश्नकर्त्या: तीन आठवड्यांनंतर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आकडे झाकण्याचा उपाय पहिल्या आठवड्यातच लागू पडला. “जास्त कोणाकडे?” हे ती आता स्वतःशीच पुटपुटते. मराठीत सांगण्याच्या वेळी आजीने इतके उपप्रश्न विचारले (“मीनाला एवढे मणी दिले कोणी?”) की एक दिवस उदाहरण राहूनच गेले. दोन क्रियांच्या उदाहरणांत मात्र ती अजून पहिली क्रिया झाली की थांबते आणि तेच उत्तर म्हणून लिहिते; पट्टीचे चित्र तिथे हळूहळू उपयोगी पडते आहे. बाबांचा वेळेचा मुद्दाही मी विसरलेले नाही, पण सध्या घड्याळ बाजूला ठेवले आहे.

सरांच्या सूचनेवरून तिला फसवी उदाहरणे तयार करायला सांगितले. काल रात्री तिने वडिलांना विचारले, “आपल्या इमारतीला ६ मजले आहेत, प्रत्येक मजल्यावर ४ घरे आहेत, त्यांतली ५ रिकामी आहेत, तर लिफ्ट किती वर्षांची आहे?” वडिलांनी मोबाइलवरून नजर न हलवता “एकोणीस” असे सांगितले.